जेकिल सज्जन आणि हाइड दुर्जन, एवढ्यावर थांबावे का?

उत्तरकसबा (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरातील एका महाविद्यालयात मी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला इंग्रजी साहित्य शिकवते. या सत्रात माझ्याकडे व्हिक्टोरियन काळातील गॉथिक, म्हणजे भय-गूढाचे, कथासाहित्य हा घटक असून, रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांची १८८६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेली डॉक्टर जेकिल व मिस्टर हाइड यांची लघुकादंबरी हा त्यातील मुख्य पाठ आहे. तीत प्रतिष्ठित डॉक्टर जेकिल स्वतः तयार केलेले औषध पिऊन हाइड या दुसऱ्याच माणसाचे रूप घेतो. वर्गातील मुलामुलींपैकी कोणाच्या घरी तेलुगू बोलतात, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी मराठी. त्यामुळे पाठ इंग्रजी असला तरी चर्चा आम्ही बहुधा मराठीतच करतो, आणि तीच अधिक मोकळी होते असा माझा अनुभव आहे.

गेल्या आठवड्यात मी एक छोटी चाचणी घेतली. या कथेतील सत् आणि असत् यांचे द्वंद्व स्पष्ट करा, असा प्रश्न होता. बहुतेक उत्तरपत्रिकांत शब्दांच्या थोड्याफार फरकाने एकच वाक्य आले: जेकिल म्हणजे माणसातील चांगुलपणा, हाइड म्हणजे माणसातील दुष्टपणा, आणि शेवटी दुष्टपणाने चांगुलपणावर मात केली. हे वाक्य गाईडमधून आले आहे हे मला ठाऊक आहे. त्याला गुण द्यावे लागतात, कारण ते सर्वस्वी चूक आहे असेही म्हणता येत नाही. परंतु ते लिहून झाल्यावर विद्यार्थ्याला कथेकडे पुन्हा वळण्याचे काही कारणच उरत नाही, आणि याचेच मला वाईट वाटते.

चर्चेच्या वेळी मुलांनी आपापल्या घरातील दाखले दिले. एकाने राम आणि रावण यांची जोडी सांगितली, तर एका मुलीने षड्रिपूंचा उल्लेख केला. ती म्हणाली की काम, क्रोध, लोभ हे शत्रू आपल्यातच राहतात, त्यांना बाहेर काढून दुसऱ्या घरात ठेवता येत नाही, म्हणून जेकिलने केले ते मुळातच होण्यासारखे नव्हते. तिचे बोलणे मला राम-रावणाच्या दाखल्यापेक्षा कथेच्या अधिक जवळचे वाटले. पण असे का वाटले, हे मला त्या तासाला नीट मांडता आले नाही.

माझा प्रश्न असा आहे की या कथेतील द्वंद्व खरोखर चांगले आणि वाईट यांच्यातील आहे का, की ते आणखी कशाचे आहे? याच काळातील डोरियन ग्रेचे चित्र आणि ड्रॅक्युला या कादंबऱ्यांतही तोच साचा आहे, असे मुलांना सांगणे योग्य ठरेल का? ज्यांनी या कादंबऱ्या मनापासून वाचल्या आहेत, त्यांनी सविस्तर लिहिले तर मला पुढच्या तासाच्या तयारीसाठी फार मदत होईल.

होटगीरोड

ताई, आपण योग्य ठिकाणी अडला आहात. मी ही कथा अनेक वर्षे शिकवली असून आता निवृत्त आहे. माझे मत असे की गाईडमधील वाक्याचा मधला भाग बरोबर आहे, पहिला भाग चूक आहे, आणि पहिला चूक असल्यामुळे शेवटचाही लटका पडतो.

हाइड दुष्ट आहे यात शंका नाही. परंतु जेकिल म्हणजे चांगुलपणा, असे कथेत कोठेही म्हटलेले नाही. खुद्द जेकिलच आपल्या अखेरच्या निवेदनात सांगतो की औषधामुळे त्याला दोन रूपे मिळाली खरी, पण त्यांपैकी एक पूर्णपणे दुष्ट होते आणि दुसरे मात्र तोच जुना हेन्री जेकिल, बऱ्यावाइटाचे तेच विजोड मिश्रण. म्हणजे एका पारड्यात निखळ वाईट आहे आणि दुसऱ्या पारड्यात निखळ चांगले नाहीच; तेथे तुमच्या-माझ्यासारखा सरमिसळ माणूस बसलेला आहे. चांगल्याला वाइटाच्या ओझ्यातून सोडवावे, ही प्रयोगामागील त्याची आशा पहिल्याच रात्री फोल ठरली. तरीही त्याने प्रयोग थांबवला नाही. तो का थांबवला नाही, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.

त्याचे उत्तर निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे आणि विद्यार्थी नेमका तोच परिच्छेद घाईने ओलांडून जातात. जेकिल सांगतो की त्याचा मोठ्यात मोठा दोष म्हणजे मौजमजेची एक अनावर ओढ होती. दुसऱ्या एखाद्याने तिचा उलट बडेजाव मिरवला असता. परंतु चारचौघांत मान ताठ ठेवून, इतरांपेक्षा अधिक गंभीर चेहऱ्याने वावरण्याची त्याची इच्छा तितकीच अनावर होती, म्हणून त्याने ती ओढ लपवली. दोषापेक्षा लपवण्याने त्याच्या आयुष्याचे दोन तुकडे केले. औषधाबद्दलही तो स्पष्ट सांगतो की ते दैवीही नव्हते आणि सैतानीही नव्हते, त्याने केवळ दार उघडले. अधिक उदात्त भावनेने तो या शोधाला सामोरा गेला असता तर दारातून कोणी वेगळाच बाहेर आला असता. हाइड बाहेर आला, कारण त्या घटकेला जेकिलच्या मनात जागे होते ते तेवढेच.

दार हा शब्द मी मुद्दाम वापरला. कथेची सुरुवातच एका दारापासून होते. जेकिलचा वकील मित्र अटरसन आणि अटरसनचा नातलग एन्फील्ड रविवारी फिरायला निघाले असताना एका नीटनेटक्या गल्लीत त्यांना एक दार दिसते. रंगाचे पोपडे आलेले, घंटा नाही, ठोठावण्यासाठी कडी नाही. बरेच पुढे गेल्यावर आपल्याला कळते की जेकिलचे प्रशस्त, श्रीमंती घर चौकाकडे तोंड करून उभे आहे आणि हे कळकट दार त्याच वास्तूच्या मागच्या बाजूचे आहे. सोलापूरच्या जुन्या पेठांतील ज्या वाड्यांना एक दार मोठ्या रस्त्यावर आणि दुसरे बोळात असते, तसे वाडे पाहिलेल्या मुलांना ही रचना फळ्यावर काढून दाखवली तर ती लगेच समजते, असा माझा अनुभव आहे. मालक एक, वास्तू एक, आणि येण्याजाण्याच्या वाटा मात्र एकमेकींना ओळख न देणाऱ्या.

स्टीव्हन्सन यांना असे दुहेरी जगणे लहानपणापासून ऐकून ठाऊक होते. एडिनबरोत अठराव्या शतकात विल्यम ब्रोडी नावाचा एक प्रतिष्ठित सुतार-कारागीर होता. तो आपल्या व्यवसायसंघाचा प्रमुख आणि नगरसभेचा सदस्य होता, आणि रात्री तोच घरे फोडत असे. दिवसा कामाला गेलेल्या घरांच्या किल्ल्यांचे तो मेणात ठसे घेई. १७८८ साली त्याला फाशी झाली. त्याच्या हातचे एक कपाट स्टीव्हन्सन यांच्या बालपणीच्या खोलीत होते, आणि पुढे त्यांनी एका मित्राच्या साथीने ब्रोडीवर नाटकही लिहिले.

शेवटी त्या क्षाराबद्दल लिहितो, कारण मला स्वतःला कथेतील ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. औषधात लागणारा पांढरा स्फटिकमय क्षार संपतो. जेकिल नवा साठा मागवतो, पण औषध लागू पडत नाही. त्याचा नोकर पूल लंडनमधील औषधविक्रेत्यांची दुकाने पालथी घालतो आणि प्रत्येक वेळी माल शुद्ध नाही म्हणून परत पाठवला जातो. अगदी अखेरीस जेकिलच्या लक्षात येते की अशुद्ध होता तो पहिलाच साठा, आणि त्या अज्ञात अशुद्धीमुळेच औषध काम करत होते. ज्याला स्वतःतील भेसळ वेगळी काढायची होती, त्याचा सारा डोलारा एका भेसळीवर उभा होता. आपल्या विद्यार्थिनीने षड्रिपूंबद्दल जे सांगितले ते म्हणूनच मला मोलाचे वाटते. राम आणि रावण ही दोन माणसे आहेत, त्यांची राज्ये वेगळी आहेत. षड्रिपूंना वेगळे राज्य नाही.

चाटीगल्ली

सरांनी सारे इतके नेमके मांडले आहे की जेकिलविषयी मी भर घालत नाही. डोरियन ग्रेविषयी मात्र लिहिण्यासारखे आहे.

आमच्या घरी दोन पिढ्या चादरीचा व्यवसाय आहे. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण ती उलटून डोळ्यांजवळ धरून पाहणारे थोडे. एका बाजूला तांबड्या जमिनीवर पांढरा मोर असेल, तर त्याच जागी दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर तांबडा मोर असतो. रंगीत धागा वर आला की पांढरा खाली जातो, पांढरा वर आला की रंगीत खाली जातो, आणि जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, छिद्रे पाडलेल्या पंचपट्ट्या ठरवतात की कोणता कधी वर येईल. मोराच्या कडेवर सुई घालून पाहिले तर कळते की दोन्ही रंगांचे धागे नेमके तेथेच एकमेकांना ओलांडतात आणि त्या ओलांडण्यामुळेच कापड एकत्र राहते. तेवढा तांबडा काढून टाका, असे कोणी म्हटले तर हातात मोरही राहणार नाही आणि चादरही राहणार नाही.

ऑस्कर वाइल्ड यांची ही कादंबरी १८९० साली प्रथम एका मासिकात आली आणि १८९१ साली काही प्रकरणांची भर पडून पुस्तकरूपाने निघाली. डोरियनला आपली मागची बाजू कापडापासून सोडवायची आहे. आपला चेहरा तसाच तरुण राहावा आणि वयाच्या, पापाच्या खुणा चित्रावर उमटाव्यात, अशी त्याची इच्छा असते आणि ती फळते. सिबिल व्हेन या नटीला त्याने निष्ठुरपणे झिडकारले त्या रात्री चित्रातील ओठांजवळ क्रौर्याची एक बारीक रेघ दिसते. इतके दिवस घरातील ग्रंथदालनात असलेले चित्र मग तो माडीवरच्या, लहानपणी अभ्यासासाठी वापरलेल्या खोलीत हलवतो, त्यावर जांभळे आच्छादन घालतो आणि खोलीला कुलूप लावतो. लहानपणची खोलीच निवडावी, हे मला फार बोचते.

येथे जेकिलच्या कथेहून एक मोठा फरक आहे. हाइड स्वतः हिंडतो, मारतो, पळतो. चित्र मात्र काहीच करत नाही. सारी कृत्ये तो सुंदर चेहराच करतो आणि चित्र फक्त खरा हिशेब ठेवते. म्हणून डोरियन हा चांगला आणि चित्र वाईट, असे कोणी लिहिले तर ते सरळ चूक ठरेल, आणि हे मुलांना जेकिलपेक्षाही लवकर पटेल असे मला वाटते. अखेरीस डोरियन एका खेडवळ मुलीला फसवता फसवता थांबतो आणि या एका सत्कृत्याने चित्र थोडे सुधारले असेल, या आशेने वर जाऊन पाहतो. चित्र सुधारलेले नसते. डोळ्यांत धूर्तपणा आणि ओठांभोवती ढोंग्याची सुरकुती, एवढी भर पडलेली असते. सत्कृत्यही त्याने आरशात पाहण्यासाठी केले होते, हे चित्राला कळलेले असते. तो चित्रावर सुरी चालवतो आणि मरतो स्वतः. नोकर खिडकीतून आत शिरतात तेव्हा भिंतीवर तरुण, देखणा धनी असतो आणि जमिनीवर एक सुरकुतलेला म्हातारा, ज्याची ओळख बोटांतील अंगठ्यांवरून पटते.

तिसरीपिढी

मी साहित्याचा विद्यार्थी नाही, कायद्याचा आहे. तरी या चर्चेत एक गोष्ट यायला हवी, असे मला तीव्रतेने वाटते. ती आपल्या शहराशीही जोडलेली आहे.

हाइड कसा दिसतो, हे कथेत नीट कोणालाच सांगता येत नाही. एन्फील्ड म्हणतो की त्याच्यात काहीतरी व्यंग असले पाहिजे, पण कोणते ते बोट ठेवून दाखवता येत नाही. अटरसनचीही गत तशीच होते. तो ठेंगणा आहे, त्याच्या हातावर दाट केस आहेत, इतपत कळते. बाकी सर्वांना त्याच्याबद्दल वाटते ती किळस, आणि त्या किळसेलाच ते पुरावा समजतात. हा योगायोग नाही. १८७६ साली चेझारे लोम्ब्रोझो या इटालियन वैद्याने गुन्हेगार माणसावर ग्रंथ लिहून असे प्रतिपादन केले होते की काही माणसे जन्मानेच गुन्हेगार असतात, ती माणसाच्या प्राचीन, रानटी अवस्थेकडे मागे गेलेली असतात आणि त्यांच्या कवटीवरून, जबड्यावरून, कानांवरून ती ओळखता येतात. पुढे ड्रॅक्युलात तर लोम्ब्रोझोचे नावच येते. काउंट, म्हणजे रक्तपिपासू ड्रॅक्युला, हा गुन्हेगाराच्या साच्यातला आहे, असे तेथे म्हटलेले आहे. दुष्टपणा शरीरात असतो, तो वंशाने येतो आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरात असतो, असा विश्वास त्या काळच्या सभ्य वाचकाला फार सोयीचा होता.

हाच विश्वास आपल्याकडे कायदा होऊन आला. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात गुन्हा सिद्ध होण्याची गरज नव्हती. विशिष्ट जमातीत जन्म झाला एवढे पुरेसे होते. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली, आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड मोठी वसाहत उभी राहिली. त्या भागाला आजही आपण सेटलमेंट म्हणतो. माझे आजोबा तेथे वाढले. दिवसा ते गिरणीत काम करीत, संध्याकाळी हजेरी देत, आणि रात्री कुंपणाबाहेर दिसले तर तोच गुन्हा ठरे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. मी शाळेत असताना वर्गात कोणाचे पैसे हरवले तर प्रथम माझे दप्तर तपासले जाई. त्या शाळेचे नाव लिहिण्याची माझी इच्छा नाही, आणि त्या शिक्षकांविषयी आता रागही नाही; पण दप्तरातील वह्या एकेक करून टेबलावर ठेवल्या जात असताना सारा वर्ग गप्प बसलेला असे, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हाइडपेक्षा जेकिलची व्यवस्था अधिक ओळखीची वाटली. तो हाइडला सोहोमध्ये वेगळे घर घेऊन देतो. त्याच्या नावाने बँकेत खाते उघडतो, त्याच्यासाठी आपल्याच अक्षराला मागे झुकवून निराळी सही तयार करतो. वाइटाला स्वतःचा पत्ता, स्वतःचे शरीर आणि स्वतःचे नाव दिले की घरातल्या माणसाला निर्धास्त झोपता येते. समाजही असेच करतो. ताई, मुलांना द्वंद्व शिकवताना हे दोन भाग कोणी पाडले आणि कोणाच्या सोयीसाठी पाडले, हेही कृपा करून विचारा.

रातराणी

तिसरीपिढी यांचे लेखन वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्यांनी सांगितले ते मनावर कोरले गेले आहे. तरीही एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते मी आदराने मांडते.

सेटलमेंटमधील माणसांनी गुन्हा केलेला नव्हता. हाइडने केलेला आहे. पहाटे तीन वाजता रस्त्याच्या कोपऱ्यावर धडकलेल्या आठ-दहा वर्षांच्या मुलीला तो पायाखाली तुडवून पुढे जातो. सर डॅनव्हर्स कॅर्यू या वृद्ध गृहस्थाला तो काठी मोडेपर्यंत मारतो. हाइड म्हणजे सभ्य समाजाने रचलेले बुजगावणे, असे मुलांना वाटू लागले तर त्या मुलीची किंकाळी कथेतून पुसली जाईल. कथेतील वाईट खरे आहे. फक्त ते वेगळ्या माणसाचे आहे हे खोटे आहे. या दोन गोष्टी एकत्र धरणे कठीण जाते, पण त्यांतली एक सोडली तर कथा हलकी होते.

ड्रॅक्युलाविषयी थोडेसे. ब्रॅम स्टोकर यांची ही कादंबरी १८९७ ची आहे आणि वरवर पाहता ती राम-रावणाच्या साच्यात बसते: वाईट बाहेरून, दूर देशातून, जहाजातून येते आणि चांगली माणसे एकजुटीने त्याचा पाठलाग करतात. पण त्या माणसांपैकी एकाची पत्नी असलेल्या मीना हार्करकडे पाहावे. काउंटने तिला आपले रक्त पाजल्यानंतर तिच्या कपाळावर पवित्र प्रसादाचा तुकडा टेकवताच तेथे भाजल्याचा डाग उमटतो. तिने काहीही वाईट केलेले नाही आणि तरी खूण तिच्या कपाळावर आहे. त्याच मीनाला काउंटची दया येते. ज्याने हे सारे दुःख निर्माण केले त्या जिवाची अवस्था सर्वांत करुण आहे, असे ती आपल्या माणसांना सांगते आणि एक दिवस आपल्यालाही अशाच दयेची गरज पडेल, हेही सांगते. काउंट मरतो त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर शांती दिसली, अशी नोंद तीच करते. सगळ्या शूर पुरुषांच्या रोजनिशींपेक्षा मला मीनाची ही दोन वाक्ये मोठी वाटतात.

साचा एकच आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. जेकिलमध्ये वाईट आतून बाहेर येते, ड्रॅक्युलात ते बाहेरून आत शिरते, आणि डोरियनमध्ये ते वरच्या मजल्यावर कुलपात असते.

उत्तरकसबा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी हे सारे दोनदा वाचले आणि आजच्या तासाला त्यातील बराच भाग वापरला, म्हणून काय घडले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

मी भाषण केले नाही. जेकिलच्या निवेदनातील दोन पाने वाटली आणि मुलांना पेन्सिलीने सर्वनामे अधोरेखित करायला सांगितली: जेथे जेकिल हाइडला 'मी' म्हणतो तेथे एक रेघ, जेथे 'तो' म्हणतो तेथे दोन. पहिल्या रात्रीच्या वर्णनात मुलांना जवळजवळ सगळीकडे 'मी' सापडला. आरशात ते ओंगळ रूप दिसल्यावरही त्याला किळस आली नाही, उलट स्वागताची ओढ वाटली, आणि हाही मीच, असे तो तेथे म्हणतो. पुढे खून होतो, फास डोळ्यांपुढे दिसू लागतो, आणि मग एके ठिकाणी तो लिहिता लिहिता अडखळतो: मी 'तो' म्हणतो, मला 'मी' म्हणवत नाही. या वाक्याशी पोहोचल्यावर वर्गात कोणी काही बोलले नाही. नंतर ज्या मुलाने राम-रावणाचा दाखला दिला होता, त्यानेच हात वर केला आणि विचारले, "मॅडम, शिक्षा होणार हे कळल्यावरच तो 'तो' झाला का?" रातराणी, आपण म्हटलेल्या दोन्ही गोष्टी या एका प्रश्नात आल्या, असे मला वाटले.

अक्षराचा मुद्दाही घेतला. अटरसनचा कारकून गेस्ट दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहतो आणि सांगतो की दोन्ही अक्षरे बऱ्याच ठिकाणी एकच आहेत, फक्त झुकाव वेगळा आहे. एका मुलीने फळ्यावर आपले नाव आधी उजवीकडे आणि मग डावीकडे झुकवून लिहून दाखवले. त्यावरून शेवटी अटरसनला जेकिलच्या खोलीत सापडणाऱ्या धार्मिक पुस्तकाचा विषय निघाला. त्या पुस्तकाविषयी जेकिल नेहमी आदराने बोलत असे. त्याच्या समासात देवनिंदेचे भयंकर शब्द लिहिलेले आहेत, आणि अक्षर जेकिलचेच आहे.

षड्रिपूंचे बोलणारी विद्यार्थिनी मात्र अगदी शेवटच्या वाक्यावर अडून बसली. तेथे लिहिणारा म्हणतो की त्या दुर्दैवी हेन्री जेकिलचे आयुष्य मी येथे संपवतो. येथे जेकिलही 'तो' झालेला आहे. तिचा प्रश्न असा की हाइडही 'तो' आणि जेकिलही 'तो', तर मग लिहिणारा हा 'मी' कोण? मी तिला प्रामाणिकपणे सांगितले की यावर मी अजून विचार करते आहे. पुढचा तास गुरुवारी आहे आणि तो याच प्रश्नावर घ्यायचे आम्ही ठरवले आहे.

तिसरीपिढी, आपली हरकत नसेल तर आपण त्या तासाला येऊन मुलांशी बोलावे, अशी माझी विनंती आहे. माझ्या वर्गातील दोन मुले सेटलमेंटजवळच्या वस्तीतून येतात.

तिसरीपिढी

ताई, मी येईन. रातराणी यांचा आक्षेप मला मान्य आहे. त्या तुडवल्या गेलेल्या मुलीपासूनच मी बोलायला सुरुवात करीन.

आजोबांचा सेटलमेंटमधला एक जुना पास आईने लोखंडी पेटीत जपून ठेवला आहे. कागद घडीवर फाटला आहे, पण त्यांचे नाव, जमात आणि डाव्या अंगठ्याचा ठसा अजून स्पष्ट दिसतो. तो बरोबर आणतो. मुलांना हातात घेऊन पाहू द्या, फक्त प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढू नका.